देवरहाटीतला बेहडा : एका ढोलीचं प्रकरण

हे प्रकरण रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावातलं आहे. गाव सह्याद्रीच्या पायथ्याशी, घाटाच्या अलीकडे. गावाचं आणि माणसांचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. एक तर लोक आमच्यापाशी मोकळेपणाने बोलले ते छापून यावं म्हणून नव्हे. दुसरं म्हणजे धनेश पक्ष्याच्या घरट्याचा पत्ता जाहीर करायचा नसतो. फोटो काढणाऱ्यांची एक गाडी आली की मागून दहा येतात, आणि ढोलीत कोंडून घेतलेल्या मादीला उडून जायची सोय नसते.

आम्ही म्हणजे तालुक्यातले पाच जण. दोन शिक्षक, एक औषध दुकानदार, एक बागायतदार आणि मी. रविवारी दुर्बिणी घेऊन फिरायचं आणि वहीत नोंदी करायच्या, एवढंच आमचं काम. या प्रकरणात आम्ही काही बरोबर केलं, काही चुकलो. चुकलेलंही लिहितो आहे, कारण कोकणात असे बेहडे अजून उभे आहेत आणि असे प्रसंग आणखी येणार आहेत.

पार्श्वभूमी

घाटाच्या या उतारावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. मुळात इथलं जंगल सदाहरित आणि निमसदाहरित. आज डोंगराकडे पाहिलं तर दिसतो काजू, आंब्याची कलमं आणि राबाच्या कवळासाठी, म्हणजे भाताच्या वाफ्यावर जाळायच्या डहाळ्यांसाठी, तोडून तोडून बोडके झालेले ऐन-किंजळ. जुनं जंगल कसं होतं ते पाहायचं तर देवरहाटीत जावं लागतं. देवाची म्हणून राखलेली, कुऱ्हाड न लागलेली झाडी. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी वन नावापुरतं आहे, जवळजवळ सगळं रान मालकीचं. म्हणून या देवरहाट्यांचं मोल त्यांच्या आकाराच्या मानाने फार मोठं आहे.

या गावची देवरहाटी सहा एकरांची. ग्रामदेवतेचं कौलारू देऊळ, पुढे पत्र्याचा सभामंडप, बाजूला पालखी बसवायचा चौथरा म्हणजे सहाण आणि मागे ओढ्यापर्यंत उतरत गेलेली झाडी. रानजायफळ, सातवीण, जांभूळ, सुरंगी, काजरा आणि त्यांच्यावर चढलेल्या गारंबीच्या मनगटाएवढ्या वेली. भर एप्रिलमध्ये आत शिरलं तरी पायाखालचा पाचोळा दमट लागतो.

देवळाच्या मागच्या कोपऱ्यावर बेहडा आहे. काही जण त्याला गोटिंग म्हणतात. बुंधा दोन माणसांच्या कवेत मावत नाही. कधी काळी त्याची एक जाड फांदी मोडली, त्या जखमेतून पाणी मुरलं, गाभा कुजला आणि साधारण पन्नास फुटांवर ढोली तयार झाली. त्या ढोलीत महाधनेशाचं जोडपं घरटं करतं. गावात त्याला गरुडच म्हणतात, आणि तो विष्णूचं वाहन आहे असं मानणारेही आहेत.

ज्यांनी हा पक्षी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं थांबून सांगतो, कारण पुढचा सगळा पेच त्याच्या विणीच्या रीतीतून आला. जानेवारी-फेब्रुवारीत मादी ढोलीत शिरते. आपली विष्ठा आणि फळांचा चोथा यांचा गिलावा करून ती तोंड लिंपून घेते आणि चोच बाहेर निघेल एवढी उभी फट तेवढी ठेवते. आत ती अंडी घालते, उबवते, आणि त्याच काळात तिची उडायची पिसंही झडतात. नर दिवसभर वड, उंबर, नांदरूक, रानजायफळ असं धुंडाळतो, गळ्यात फळं भरून आणतो आणि फटीतून एकेक करून तिला भरवतो. मधूनमधून सरडा, एखादा मोठा किडा. पिल्लू जरा मोठं झालं की मादी गिलावा फोडून बाहेर येते, आतलं पिल्लू फट पुन्हा लिंपून घेतं आणि मग दोघं मिळून त्याला भरवतात. मादी शिरल्यापासून पिल्लू उडेपर्यंत जवळजवळ चार महिने जातात. वाढतं बहुधा एकच पिल्लू. या काळात नर मेला तर आतल्या दोघांची उपासमार ठरलेली.

ढोली कोरणं या पक्ष्याला जमत नाही. सुतार पक्ष्याची जुनी ढोली त्याला पुरत नाही, एवढं त्याचं अंग मोठं. त्याला लागतं म्हातारं, जाड, आतून कुजलेलं झाड. लाकूड व्यापारी ज्याला पोकळ म्हणून भाव पाडून मागतो आणि देवस्थान कमिटी ज्याला धोक्याचं म्हणते, नेमकं तेच झाड. अशी झाडं कमी झाली म्हणूनही हा पक्षी कमी झाला. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तो आहे आणि 2018 मध्ये आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने त्याला असुरक्षित गटात टाकलं.

अडचण

16 मे 2021 ला तौक्ते चक्रीवादळ आमच्या किनाऱ्याजवळून वर गेलं. त्या वाऱ्यात बेहड्याची एक वाळकी फांदी सभामंडपावर पडली. चार पत्रे फाटले, एक खांब वाकला. आत कुणी नव्हतं. पण त्याच जागी शिमग्याला रात्र रात्र बायकापोरं बसलेली असतात. गावाच्या मनात भीती बसली ती खरी होती, आणि हे आधीच सांगायला हवं. झाड तोडायला निघालेली माणसं झाडाची वैरी नव्हती.

पावसाळ्यानंतर मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाने जीर्णोद्धार मनावर घेतला. पत्र्याच्या जागी स्लॅबचा सभामंडप, तोही मागच्या बाजूने थोडा वाढवून. बांधकामाच्या ठेकेदाराने सांगितलं, आधी बेहडा काढा. एका लाकूड व्यापाऱ्याने झाड बघून बारा हजार रुपये बयाणा दिला. बेहड्याचं लाकूड इमारतीला चालत नाही, खोक्यांना जातं. शिमगा उरकला की तोड, असं ठरलं.

फेब्रुवारी 2022 च्या दुसऱ्या आठवड्यात आमच्यातले एक मास्तर सहज देवळाकडे गेले. बेहडा पानगळीने उघडा पडला होता. बुंध्याशी, पाचोळ्यावर, हातभर जागेत ताज्या बियांचा सडा होता. नांदरुकाची चिरडलेली फळं, रानजायफळाच्या काळपट बिया आणि त्यांच्यावर अजून चिकटलेल्या जायपत्रीच्या तांबड्या रेषा. मास्तर मागे सरकून झुडपात बसले. पाऊण तासाने वाफेचं इंजिन यावं तसा पंखांचा आवाज आला. नर फांदीवर टेकला, मान झटकली, गळ्यातून एक फळ चोचीच्या टोकाशी आणलं आणि फटीत दिलं. आतून एक चोच आली, फळ घेतलं, मागे गेली. असं चौदा वेळा. मास्तरांनी मोजलं.

मादी आत होती. तोड ठरली होती शिमग्यानंतर, म्हणजे मार्चअखेरीस. पिल्लू उडायला मे संपणार होता.

पहिला निर्णय आणि त्याची किंमत

त्या संध्याकाळी आम्ही फोनवरच बोललो आणि आमच्यातल्या एकाने लगेच वनखात्याला कळवलं. कायद्याच्या दृष्टीने यात काहीच चूक नव्हती. पक्ष्याच्या अंड्यांना किंवा घरट्याला धक्का लावणं हीसुद्धा कायद्यात शिकारच धरली जाते, मग जमीन कुणाचीही असो. दुसऱ्या दिवशी वनरक्षक आला. त्याने झाड पाहिलं, कमिटीच्या अध्यक्षांना बोलावलं आणि हात लावलात तर गुन्हा दाखल होईल असं सांगून गेला. तोही आपलं कामच करत होता.

गावाला हे कळलं ते असं. त्यांच्या देवाच्या झाडावर त्यांच्याच विरुद्ध बाहेरच्या कुणीतरी तक्रार केली. घरटं आहे, मादी आत आहे, चार महिन्यांचा प्रश्न आहे, हे सांगायच्या आत वर्दीतला माणूस दारात उभा. त्या रविवारी आम्ही गेलो तर सहाणेजवळच आम्हाला अडवलं. एक वयस्कर मानकरी म्हणाले, "आजवर ही राय आम्ही राखली. तुमचा कायदा तेव्हा कुठे होता?" याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. सहा एकर जंगल कायद्याने उरलेलं नाही, या माणसांच्या आजा-पणजांनी देवाच्या धाकाने आणि मायेने राखलं म्हणून उरलं आहे.

पुढचे दोन आठवडे आम्हाला देवरहाटीत पाऊल टाकता आलं नाही. त्या काळात कानावर आलं की काही तरुण म्हणतायत, गुन्हा पक्षी असेल तर ना, फटाके लावा, पक्षीच जाईल. बोलणं रागातलं होतं. पण रागात माणूस काय करील सांगता येत नाही, आणि रात्रभर राखण करायला आम्ही तिथे नव्हतो. गावाच्या आपलेपणाचं जे एकमेव संरक्षण त्या ढोलीला होतं, ते आम्ही एका फोनने सैल केलं होतं.

समोरचे पर्याय

या दोन आठवड्यांत औषधाच्या दुकानामागच्या खोलीत बसून आम्ही काय काय करता येईल ते मांडलं.

कायद्यावरच टेकून राहायचं, हा एक रस्ता. मे अखेरपर्यंत झाड वाचलं असतं. त्यानंतर ढोली रिकामी झाली की आमच्या हातातही काही उरलं नसतं, आणि गाव पुढची पंधरा वर्षं आमच्याशी बोललं नसतं.

पिल्लू उडेपर्यंत थांबून मग तोडावं, हा मधला मार्ग. गावातल्या दोघातिघांना तो पटण्यासारखा होता. पण धनेशाचं जोडपं वर्षानुवर्षं त्याच ढोलीकडे परत येतं. आजूबाजूच्या पाच-सहा किलोमीटरांत आम्हाला एवढी मोठी दुसरी ढोली ठाऊक नव्हती. पिल्लू वाचवून घर पाडायचं, असा तो सौदा होता.

लाकडी पेटी टांगावी, असं मी सुचवलं. सिंगापुरात कवड्या धनेशांनी अशा पेट्या स्वीकारल्या आहेत. थायलंडच्या दक्षिणेला बुडोच्या डोंगरात तर, जी माणसं पूर्वी पिल्लं काढून विकायची तीच आता घरट्यांची राखण करतात, आणि तळ खचलेल्या जुन्या ढोल्या भरून, दुरुस्त करून पुन्हा वापरात आणतात. पण पेटी लावली म्हणजे झाड तोडायला मोकळीक मिळाली, असा अर्थ गावाने लगेच काढला असता. जोडप्याने ती घेतली नाही तर? उभी ढोली पाडून टांगती ढोली देणं हा जुगार होता. माझी सूचना मीच मागे घेतली.

अरुणाचलच्या पक्के व्याघ्र प्रकल्पाभोवतीचा प्रयोग आमच्यातल्या दुसऱ्या मास्तरांनी काढला. तिथे 2011-12 पासून निशी समाजातले गावकरी, वनखातं आणि नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशन मिळून घरटी दत्तक देण्याची योजना चालवतात. देशभरातले लोक पैसे देतात, त्यातून गावातल्याच घरटे-रक्षकांना पगार मिळतो. ज्या समाजात धनेशाची चोच पुरुषाच्या टोपीवर मिरवायची त्याच समाजातली माणसं आज घरटी राखतात, याचं मला फार अप्रूप आहे. पण आमचा पेच निराळा होता. इथे पक्षी मारत कुणीच नव्हतं. राखणदार ठेवायचा तो कुणापासून? गावापासून?

उरला तो रस्ता सगळ्यात कटकटीचा. झाड ठेवायचं, धोक्याच्या फांद्या काढायच्या, मंडपाचा आराखडा बदलायचा आणि बयाण्याची भानगड मिटवायची. यातलं एकही आमच्या हातात नव्हतं. सगळं गावाच्या हातात होतं.

बैठक आणि कौल

कोंडी फुटली ती गुरवांच्या घरातून. आमच्यातल्या बागायतदाराच्या काजूवर गुरवांची सून कामाला यायची. तिच्या बोलण्यातून कळलं की तिची सासू, म्हणजे गुरवकाकी, रोज सकाळी देवळामागचं अंगण झाडते आणि तो बियांचा सडाही तीच लोटते. आम्ही दुर्बिणीतून जे थोडंफार पाहिलं ते काकींनी तीस वर्षं केरसुणीने पाहिलं होतं. गरुड कधी बसतो, मादी कधी बाहेर येते, कुठल्या साली ढोली रिकामी राहिली, सगळं त्यांना पाठ.

आम्ही त्यांच्याकडे गेलो, ओटीवर बसलो आणि आधी तक्रारीबद्दल माफी मागितली. काकींनी चहा दिला. म्हणाल्या, "माज्याकडं आदी आला असतात तर ह्या सगळा झालाच नसता."

शिमग्याच्या आठ दिवस आधी देवळात बैठक बसली. गावकर, मानकरी, कमिटी आणि मुंबईहून मंडळाचे तिघे. आम्हाला मागे बसायची परवानगी होती, बोलायची नव्हती. दीड तास धोका, वर्गणी, बयाणा, वनखातं असं फिरत राहिलं. बायका बाहेर पायरीवर. शेवटी काकी दारातूनच बोलल्या. "ती आत बाळंतीण बसलीय. बाळंतिणीच्या खोलीचं दार कोण फोडतं का?"

सभा गप्प झाली. धनेशाची सगळी जीवशास्त्रीय माहिती मी दोन पानांवर लिहून खिशात नेली होती. ते कागद मी बाहेर काढले नाहीत. त्या एका वाक्यात कोंडून घेणं, झडलेली पिसं, नराने अन्न पुरवणं, चार महिन्यांची मुदत, सगळं आलं होतं, आणि ते प्रत्येकाला आपल्या घरातून ठाऊक होतं.

मग कुणीतरी म्हणालं, कौल लावू, म्हणजे देवाला फुलं लावून उजवं की डावं ते विचारू. या क्षणी आमच्यातच दोन तट पडले. आमचे मास्तर माझ्या कानाशी कुजबुजले की डावा कौल आला तर सगळं संपलं, उठून विरोध करायला हवा. मला उलट वाटत होतं. देवाच्या रायीत देवाला विचारायचं नाही, हे आम्ही कुठल्या तोंडाने सांगणार? आम्ही बसून राहिलो. तो निर्णय बरोबर होता असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. त्या दिवशी मला घाम फुटला होता.

गुरवकाकांनी मात्र गाऱ्हाणं असं घातलं की तोड करावी की नाही हा प्रश्न आलाच नाही. त्यांनी विचारलं, बाळंतीण घर सोडेपर्यंत गावाने थांबावं का. फुलं लावली. उजवा कौल झाला. मंडळाच्या एकाने लगेच म्हटलं, मग पुढचंही विचारून घ्या. काका म्हणाले, "देवाला एका वेळी एकच इचारायचं." पुढचं सगळं प्रकरण त्या एका वाक्याने माणसांच्या चर्चेत ठेवलं.

अंमलबजावणी

शिमग्यात पालखी सहाणेवर बसली ती नेहमीसारखीच. ढोल वाजले. फटाके मात्र गावाने आपणहून वेशीबाहेर नेले. जे तरुण रागाने बोलले होते त्यांच्यातल्याच दोघांनी त्यावर लक्ष ठेवलं. तरीही पालखीच्या दिवशी नर सकाळी एकदा आला तो थेट सूर्यास्ताआधी. इतर दिवशी चार-पाच खेपा असायच्या. ती दुपार आम्ही कशी काढली ते आम्हाला ठाऊक.

एप्रिलमध्ये अनपेक्षित ठिकाणाहून मदत आली. आमच्या डोक्यात मुंबईची मंडळी म्हणजे स्लॅबवाले, झाडाचे शत्रू असं चित्र होतं. त्यांच्यातलेच एक निवृत्त गृहस्थ, ज्यांचा जन्म बांधकामांवर देखरेख करण्यात गेला होता, सुट्टीत गावी आले आणि टेप घेऊन दोन दिवस देवळाभोवती फिरले. त्यांचं म्हणणं असं पडलं की मंडप मागे वाढवायची गरज नाही, सहाणेच्या बाजूला आठ फूट सरकवला तर जागा तेवढीच मिळते आणि बेहड्याची मुळंही तुटत नाहीत. मुळं तुटली तर झाड आज ना उद्या देवळावरच येईल, हे त्यांनी कमिटीला वहीत रेघा मारून दाखवलं. आम्ही तीन महिन्यांत त्यांच्याशी एकदाही बोललो नव्हतो.

मादी 4 मेला बाहेर आली. पिल्लू 27 मेला उडालं. ढोलीच्या तोंडाशी दोन दिवस गिलाव्याचे तुकडे पडत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ते बाहेर आलं, समोरच्या सातविणीवर धडपडत बसलं आणि दुपारपर्यंत तिथून हललं नाही. काकी केरसुणी घेऊन उभ्या राहून पाहत होत्या.

पावसाला दहा-बारा दिवस होते. फांद्या काढायच्या तर याच फटीत. यंत्रवाला बोलावला असता तर त्याने शेंडाच उडवला असता. गावातला कवळ तोडणारा एक जण तयार झाला. कमरेच्या आकडीत कोयता, खांद्यावर दोर. त्याने मंडपाच्या बाजूच्या दोन वाळक्या फांद्या तुकड्या-तुकड्यांनी काढल्या आणि प्रत्येक तुकडा दोराने खाली सोडला. ढोलीच्या वरची जिवंत फांदी आम्ही तशीच ठेवायला सांगितली, कारण ढोलीच्या तोंडावर पावसाची धार थेट पडू नये. खाली उतरल्यावर तो म्हणाला, "आत हात घातला मी. तळ लय खोल गेलाय."

बयाण्याचे बारा हजार आम्ही पाच जणांनी भरले. व्यापाऱ्याने कटकट न करता घेतले.

काय झालं

झाड उभं राहिलं. मंडप आठ फूट सरकून बांधला गेला. इथवर ऐकणारा माणूस आमची पाठ थोपटतो.

त्याच जूनच्या आधी, म्हणजे आम्ही फांद्यांच्या तयारीत असताना, देवरहाटीला लागून असलेला मालकीचा डोंगर तुटला. तोच व्यापारी. उभी झाडं खंडाने घेतली, आठवड्याभरात डोंगर बोडका केला. त्यात दोन जुने नांदरूक आणि एक वड होता. तौक्तेच्या साली नर कुठून फळं आणतो ते आम्ही नोंदलं नव्हतं. 2022 मध्ये मात्र नोंदलं होतं, आणि वहीतल्या निम्म्याहून जास्त खेपा त्या डोंगराच्या दिशेने होत्या. ती दिशा आम्ही फक्त बाण काढून ठेवली होती. बाणाच्या टोकाला जाऊन कुणाची जमीन आहे, त्या घरात काय चाललंय, हे कुणीच पाहिलं नव्हतं.

ते घर साधं होतं. मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशाचे पैसे भरायचे होते आणि तारीख जवळ आली होती. नांदरुकाचं लाकूड कवडीमोल, पण सगळं रान एकदम दिलं तर रोख मिळत होती. घरधनी नंतर म्हणाले, "तुम्ही देवळातल्या झाडासाठी बारा हजार दिलेत. आमच्याकडे कोण आलं नाही." तेही खरंच.

जानेवारी 2023 मध्ये जोडपं आलं. नर फळ घेऊन ढोलीपाशी बसायचा, मादी आत शिरायची, बाहेर यायची. असं तीन आठवडे चाललं. ती आत बसली नाही. फेब्रुवारी संपता संपता दोघं दिसेनाशी झाली. फळं कमी पडली म्हणून, ढोलीचा तळ खचला म्हणून की फांद्या काढल्यामुळे, याचं उत्तर एका सालच्या नोंदीवरून देणं अप्रामाणिकपणाचं होईल. त्या पावसाळ्याआधी कवळवाल्याने ढोलीत वाळलेला लाकडाचा भुसा आणि माती भरून तळ दीड वीत वर आणला. 2024 मध्ये मादी बसली आणि पिल्लू जूनच्या पहिल्या आठवड्यात, पहिल्या सरीत उडालं.

वेगळं काय करता आलं असतं

वनखात्याला कळवायला हवं होतंच, पण दुसऱ्या दिवशी. आधी गुरवांच्या ओटीवर. हा क्रम चुकला आणि त्या चुकीची दोन आठवड्यांची सगळी जोखीम आत बसलेल्या मादीने उचलली. कायद्याचा धाक नसता तर व्यापारी शिमगा उरकल्यावर थांबला नसता, असं आमच्यातल्या एकाचं आजही मत आहे, आणि मी ते खोडून काढू शकत नाही. पण धाक हाताशी असणं वेगळं आणि पहिल्याच भेटीला धाक घेऊन जाणं वेगळं.

मुंबईच्या मंडळाशी न बोलणं हा आमचा आळस होता. आराखडा बदलणारा माणूस फेब्रुवारीतही दादरला एका फोनच्या अंतरावर होता.

पण मला सगळ्यात जास्त लागतं ते डोंगराचं. ढोली दिसते, तिच्याभोवती गोष्ट तयार होते, माणसं हळहळतात. नांदरुकाला गोष्ट नसते. मात्र पक्षी जगतो नांदरुकावर, आणि ते बहुतेक मालकीच्या रानात असतं. तिथे कौल लावायला देव नाही आणि गरज सांगायला घरधनी आपणहून येत नाही. बारा हजार बयाण्यात घालवण्याऐवजी आम्ही ते व्यापाऱ्याशी घासाघीस करून कमी करू शकलो असतो, आणि उरलेल्या पैशांसकट त्या घरी जाऊन निदान विचारू शकलो असतो.

संगमेश्वर परिसरात पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशनने याच दिशेने काम केलं आहे. बेहडा तोडण्याऐवजी त्याची फळं वेचायची, ती फेअरवाइल्ड या रानातून वेचलेल्या मालासाठीच्या प्रमाणपत्राच्या नियमांत बसवून औषधी मालाच्या बाजारात चांगल्या दराने विकायची, आणि झाड उभं राहण्यात मालकाचा फायदा ठेवायचा. तिथेही धनेश आणि बेहडा हीच जोडी आहे. हे आम्हाला 2022 मध्ये ठाऊक होतं. आमचं प्रकरण झाडाचं आहे, बाजाराचं नाही, असं समजून आम्ही ते बाजूला ठेवलं.

सध्या आमच्या वहीत देवरहाटीच्या चौफेर तीन किलोमीटरांतली वड, उंबर, नांदरूक अशी 41 झाडं आहेत, प्रत्येकापुढे मालकाचं नाव आणि फळ कधी पिकतं तो महिना. सात घरांशी बेहड्याच्या फळांबद्दल बोलणं चालू आहे. चौघांनी हो म्हटलं आहे, दोघांना आधी पैसे हातात दिसायला हवेत. सातवं घर त्या बोडक्या डोंगराचं. त्यांची मुलगी आता रत्नागिरीला नोकरीला लागली. गेल्या पावसात तिच्या वडिलांनी गुरवकाकींकडून रोपं नेली. काकी बियांचा सडा आता लोटून टाकत नाहीत, दुधाच्या पिशव्यांत माती भरून रुजवतात. रानजायफळाची बावीस आणि नांदरुकाची आठ. नांदरुकाची रोपं गुरांनी खाल्ली. रानजायफळाची अठरा जगली आहेत, गुडघ्याएवढी.